शिडाची होडी आणि बायकोचे गुडघे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंद्याने बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बायकोचे मत थोडे वेगळे आहे, पण वकीलबाई म्हणाल्या की ते जोडण्याची गरज नाही.

लिहिण्याचे कारण असे, की गेल्या हिवाळ्यात माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नसल्याचे आढळले. इंजिनांच्या झडपा मी चाळीस वर्षे बदलल्या. ही बदलायलाही माझी ना नव्हती, पण डॉक्टर म्हणाले, या वयात हिला हात न लावलेला बरा. हेच वाक्य मी पुष्कळ गिऱ्हाइकांना ऐकवले आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला नीट कळतो.

याआधी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र रद्द समजावे. याआधी मी एकही केलेले नाही, पण तसे लिहावे लागते.

कलम १. राहते घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या, वरची शिवणाची खोली आणि मागचे वर्कशॉप, पत्नीला संपूर्ण मालकी हक्काने द्यावे. तिच्या पश्चात मुलगा व मुलगी यांना समान. वरच्या खोलीतले लांब टेबल हलवण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. पत्नीने पस्तीस वर्षे त्यावर लोकांच्या होड्यांची शिडे शिवली. टेबल आधी ठेवले आणि खोली मग बांधली, त्यामुळे ते दारातून निघत नाही. स्वयंपाकघराची खिडकी वारा सुटला की खडखडते. ती मी अकरा वर्षे उद्या दुरुस्त करणार आहे. ही जबाबदारी माझ्यानंतर मुलीकडे जाईल.

कलम २. बँकेतली शिल्लक पत्नीला. यावर जास्त लिहिण्यासारखे नाही.

कलम ३. माझी सर्व हत्यारे मुलीला. ती लिफ्टदुरुस्तीचे काम करते आणि पाना हातात कसा धरावा हे तिला कळते. मुलगा दवाखान्यात नर्स आहे. त्याच्या कामात माझी हत्यारे लागू नयेत अशी सर्वांचीच इच्छा असेल. त्याला माझे मनगटी घड्याळ द्यावे.

मोठा पाना हत्यारांत सापडणार नाही. तो नऊ वर्षांपूर्वी मेहुण्याने नेला. मेहुणा म्हणजे पत्नीचा थोरला भाऊ. धक्क्यावर त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याची मोटरबोट बंदरात शिरताना गरज नसताना भोंगा वाजवते. हा मेहुणा या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही असा कायदा आहे. तेव्हा त्याने पाना आणून द्यावा.

कलम ४. होडी. हे कलम लांबणार आहे.

चौतीस वर्षांपूर्वी, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा असताना, दर उन्हाळ्यात सहकुटुंब पाण्यावर हिंडता यावे म्हणून आम्ही एक होडी घेतली. ती शिडाची असावी की इंजिनाची, यावर त्याआधी घरात दोन वर्षे वाद झाला. लोकांना वाटे की मी इंजिनवाला, मी मोटरबोट मागत असणार, आणि ती शिडवाली, ती शीड मागत असणार. प्रत्यक्षात उलट होते. इंजिन कधी, कुठे आणि कोणत्या थाटात बंद पडते हे मला माहीत होते. शीड कोणत्या शिवणीत उसवते हे तिला माहीत होते. ज्याला त्याला आपला धंदा घरी ठेवून जायचे होते.

ती म्हणायची, "वर्षभर मी फाटकी शिडं शिवते. सुट्टीतही तेच करू?"

मी म्हणायचो, "आणि मी सुट्टीत डोकं इंजिनात घालून बसू?"

शेवटी एका उन्हाळ्यात आठ दिवस मोटरबोट भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी मला एका सिलिंडरचा आवाज बाकीच्यांशी पटत नसल्याचे ऐकू आले. बाकी कोणालाही ते ऐकू येत नव्हते. आठापैकी पाच दिवस मी इंजिनाच्या पेटीत होतो. पत्नी डेकवर पडून पुस्तके वाचत होती, दुपारी झोपत होती, आणि संध्याकाळी सुकाणू हातात घेऊन आम्हाला दर मुक्कामाला वेळेवर पोचवत होती. तिला इतके खूश मी क्वचितच पाहिले आहे, आणि तेही पेटीतून मान बाहेर काढली तेव्हाच. सुट्टीनंतर मुलीने शाळेत निबंध लिहिला. माझ्याबद्दल त्यात एकच वाक्य होते: "बाबांचे पाय आमच्यासोबत होते."

पुढच्या उन्हाळ्यात शिडाची होडी भाड्याने घेतली. दुसऱ्या दिवशी मोठे शीड मधोमध उसवले आणि मग वाराही पडला. पत्नी मांडी घालून, जाड सुई आणि मेणाचा दोरा घेऊन अडीच दिवस शिवत बसली. तेवढ्यात मी मुलांना पोहायला शिकवले. मुलगा माझ्या पाठीवर बसून, माझे कान धरून, होडीभोवती चकरा मारत होता. मुलीने मला एका दमात सत्तर प्रश्न विचारले. तोपर्यंत ती माझ्याशी फारसे बोलत नसे. मी घरी यायचो तेव्हा ती झोपलेली असायची, आणि जागी असली तर माझ्या कपड्यांच्या वासाने दूर बसायची.

परत आल्यावर मी पत्नीला सांगितले, की शिडाचीच होडी घेऊ, लहान मुले बरोबर असताना तीच जास्त सुरक्षित, कारण इंजिन बंद पडते आणि वारा कधी ना कधी येतोच. मी इंजिनाचा जाणकार असल्यामुळे माझ्या बोलण्याला वजन होते. तिने माझ्याकडे बघितले आणि खरेदीच्या कागदावर सही केली.

हे कारण खोटे होते. मला सुट्टी हवी होती, एवढेच खरे कारण होते. हे मी या मृत्युपत्रात शपथेवर नमूद करतो.

होडीत खाली उतरायच्या पायऱ्यांखाली एक छोटे इंजिन होते, वारा नसताना बंदरात शिरण्यापुरते. दुसऱ्यांची इंजिने वर्षातून दोनदा साफ करणारा मी, या इंजिनाचे झाकण पाच वर्षांत एकदाही उघडले नाही. सुट्टीत इंजिन बघायचे नाही, असा माझा नियम होता.

पाचव्या उन्हाळ्यात, एका निर्मनुष्य खाडीत नांगर टाकलेला असताना, सकाळी मुलाच्या पोटात दुखू लागले. दुपारपर्यंत दुखणे उजव्या बाजूला सरकले, ताप चढला आणि तो पाय पोटाशी घेऊन पडला. पाणी काचेसारखे स्थिर होते. शीड ओल्या टॉवेलसारखे लोंबत होते. मी इंजिन सुरू करायला गेलो. ते खोकले आणि थांबले. डिझेलमध्ये पाणी झाले होते. गाळणी काढून धुतली, नळ्या फुंकल्या, पुन्हा प्रयत्न केला. मुलाचे डोके मांडीवर घेऊन बसलेली पत्नी वरून विचारी, "किती वेळ लागेल?" मी म्हणे, "थोडा." तिने चार वेळा विचारले. पाचव्यांदा विचारले नाही. उठून वायरलेसवरून भावाला हाक मारली. तो दोन खाड्या पलीकडे होता. पाऊण तासात आला.

त्याने मुलाला उचलून आपल्या बोटीत घेतले. पत्नी मागोमाग उडी मारून गेली. तेव्हा तिचे गुडघे चांगले होते. मेहुणा मला एवढेच म्हणाला, "भाऊजी, तुम्ही पोरीजवळ थांबा," आणि पूर्ण वेगाने निघून गेला.

मुलगी आणि मी वाऱ्याची वाट पाहत राहिलो. ती चौदा वर्षांची होती. तिने विचारले, "बाबा, तुम्ही तर मिस्त्री आहात ना?" एवढ्या वर्षांत तिने मला विचारलेल्या सर्व प्रश्नांपैकी याच एकाचे उत्तर मी दिले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा मुलाचे ऑपरेशन होऊन गेले होते आणि तो जेली खात होता. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास गेले असते तर अपेंडिक्स आत फुटले असते. पत्नी दोष देईल म्हणून मी आठवडाभर तयारीत होतो. तिने दोष दिला नाही. फक्त म्हणाली, "पुढच्या वर्षी निघायच्या आधी ते झाकण उघडा." त्यानंतर दर वर्षी उघडले.

आम्ही आणखी पंधरा उन्हाळे त्याच होडीने हिंडलो. त्या सर्व उन्हाळ्यांत जे जे फाटले ते ते पत्नीने शिवले. मग मुले आपापल्या मार्गाला लागली, आम्ही दोघेच जाऊ लागलो, आणि चार वर्षांपूर्वी पत्नीच्या गुडघ्यांनी दगा दिला. होडीचा काठ ओलांडून पाच पायऱ्या उतरणे तिला जमत नाही. ती धक्क्यापर्यंत येते, डबा माझ्या हातात देते आणि दोर सोडते. मी दोन तास फिरून येतो. निघाल्यावर बराच वेळ ती मला धक्क्यावर दिसत राहते.

वरील सर्व बाबींचा विचार करून मी या कलमात असे लिहिले होते, की माझ्या मृत्यूनंतर शिडाची होडी विकावी आणि पत्नीसाठी मोटरबोट घ्यावी, मागच्या बाजूने सपाट चालत आत जाता येईल अशी.

कलम ४ वर पुरवणी. कच्चा मजकूर वकीलबाईंना दाखवला. त्यांनी तो वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "काका, हे तुमच्या मृत्यूनंतरच का?"

मी म्हणालो, "मृत्युपत्रात तसंच असतं ना?"

"मृत्युपत्रात असतं. पण होडी तर आत्ता तुमचीच आहे."

विचार करून सांगतो म्हणून मी उठलो. त्यांच्या जिन्यात दोन मिनिटे थांबावे लागले. झडपेमुळे नव्हे.

घरी आलो तेव्हा पत्नी चादरींच्या घड्या घालत होती. मी दुसरी टोके धरली.

"होडी विकावी म्हणतो," मी म्हणालो. "मोटरबोट घेऊ. तुला चढता येईल."

"चौतीस वर्षांनी?"

"हो."

तिने तिची टोके माझ्या टोकांना जुळवली. मग मी तिला खरे कारण सांगितले, सुरक्षिततेचे नव्हे, सुट्टीचे.

"ते मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"सही केली तेव्हापासून."

"मग केलीस कशाला?"

तिने पुढची चादर उचलली. "पोरं तुमच्याशी बोलायला लागली होती. आणि तुम्ही त्यांच्याशी. म्हटलं, शिवीन मी."

उरलेल्या चारही चादरींच्या घड्या माझ्या बाजूने वाकड्या झाल्या.

सबब, कलम ४ रद्द करण्यात येत आहे. शिडाची होडी गेल्या महिन्यात विकली. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मुलाने फोनवर "बरं झालं" म्हटले. मोटरबोट पत्नीच्या नावावर घेतली आहे, त्यामुळे ती या मृत्युपत्रात येत नाही. तिचे इंजिन जुने आहे आणि त्याला खूप काम आहे. ते मला आधीच माहीत होते, बघूनच घेतले.

कलम ५. मेहुण्याने त्या दिवसानंतर एकोणतीस वर्षांत खाडीची गोष्ट एकदाही काढली नाही. धक्क्यावर नाही, घरी नाही, भांडणातही नाही. काढली असती तर मला उलट बोलता आले असते आणि प्रकरण मिटले असते. न काढल्यामुळे मला त्याचे आभार मानायला कधी जागाच सापडली नाही, आणि याचा मी त्याच्यावर राग धरून बसलो. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, नुसती सही पाहून सही करायची असते. पण तो वाचल्याशिवाय राहणार नाही. दादा, तुम्ही माझा मुलगा वाचवलात. पाना राहू द्या. वकीलबाई विचारतील तर परत केला म्हणून सांगा.

कलम ६. माझ्यामागे भाषणे नकोत. कोणाला फारच बोलावेसे वाटले तर त्याने पत्नीला बोटीत चढायला मदत करून दोर सोडावा आणि घरी जावे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाली नमूद केलेल्या दोन साक्षीदारांसमोर सही करून पुरे केले आहे. सही मी त्यांच्यासमोर केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

सही: निवृत्त इंजिन मिस्त्री

साक्षीदार १: पत्नीचा थोरला भाऊ, मोटरबोटवाला. (सही करताना डोळ्यात काही गेल्याचे त्यांनी सांगितले.)

साक्षीदार २: माझे डॉक्टर

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल

तारीख: दहा मार्च, मंगळवार. सह्या काल, सोमवारी करायचे ठरले होते. दोन्ही साक्षीदार वेळेवर येऊन दाराशी अर्धा तास थांबले व परत गेले, कारण रविवारी बोटीतून उतरताना पत्नी म्हणाली होती, "उद्या पुन्हा जाऊ," आणि आम्ही दोघे घरी नव्हतो.