मी एकदा मागे बघू का?

सोमवार, ३ मार्च

"तुझा आवाज चढला की समजावं, चूक तुझीच आहे." ताई हे म्हणाली तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाकावरच्या मैत्रिणीवर आळ घेऊन मी वर्ग डोक्यावर घेतला होता आणि हरवलेली कंपासपेटी माझ्याच दप्तरात निघाली होती. आज अचानक आठवलं. कारण काहीच नाही. घरात तर सगळं गोडीगुलाबीनं चाललं आहे.

लेकीला गेमिंगचा कॉम्प्युटर जोडायचा आहे. अर्धे पैसे तिचे – दोन उन्हाळे तलावावर पोरांना पोहायला शिकवून साठवलेले. अर्धे माझे. आकडा ठरलाय, त्याच्या वर जायचं नाही. संध्याकाळी वही घेऊन बसलो. तिला दिवे लागणारा, काचेच्या दाराचा कॅबिनेट हवा. मी म्हटलं, साधा घे, ते पैसे आत घाल.

"आई, तू कॅबिनेट निवडतेयस की पिठाचा डबा?"

नवरा पेपराआडून म्हणाला, "मायलेकी यान सोडणार आहात का? निघताना सांगा, गॅलरीतले कपडे काढून ठेवतो."

बुधवार, ५ मार्च

दुकानात दोन तास. दुकानदार शांत माणूस. "ताई, पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका. तो एकटा जात नाही, चार जणांना घेऊन जातो." ते पटलं. मग ग्राफिक्स कार्डाची किंमत ऐकली आणि लेकीचा चेहरा उतरला. त्या एका वस्तूत आमचा निम्मा आकडा संपत होता.

तोडगाही त्यानंच काढला. काही प्रोसेसरांच्या पोटातच चित्र दाखवायची थोडी सोय असते. तसला घ्या. गेम अडखळतील, पण मॉनिटरचा पडदा तरी लागेल. कार्ड जमेल तेव्हा बसवा. मी लगेच हो म्हटलं. हाताशी अशी एखादी सोय असली की मला बरं वाटतं.

शनिवार, ८ मार्च

जोडला. स्क्रू सगळे मी बसवले. चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं दांड्या जुळवतेय, एवढं तर यायलाच हवं.

शिट्टी मदतीला आली होती. लेकीची मैत्रीण – काम करताना शिट्टी वाजवते म्हणून आमच्याकडे तिचं हेच नाव. तिनं स्वतःसाठी नवं कार्ड घेतलंय. जुनं आम्हाला दिलं, अगदी स्वस्तात. "काकू, माझ्या हाताखालचं आहे, गुणी आहे." कार्ड बसवून तिनं मॉनिटरची वायर मागच्या वरच्या जागेतून काढून खाली, कार्डाला लावली.

मग लेकीनं हाक मारली. "आई, गवत बघ ना. एकेक पातं हलतंय." खरंच हलत होतं. मी गॅसवरची भाजी करपू दिली आणि बघत बसले.

मंगळवार, ११ मार्च

सुट्टी घेतली. टेबल ओढून मागची सगळी धूळ काढली. वायरी पुसून पुन्हा जागच्या जागी लावल्या. लेक घरी नव्हती. तिला दिसणारही नाही, पण मला समाधान.

बुधवार, १२ मार्च

गेम अडखळतोय. गवत हलत नाही, धक्के खात सरकतं. लेक संध्याकाळभर काय काय बंद-चालू करून बघत होती. "काल सकाळपर्यंत नीट होतं गं."

तीनच दिवस टिकलं, म्हणजे दोष कार्डातच.

शुक्रवार, १४ मार्च

शिट्टीला बोलावून घेतलं. ती दारातून आत येतानाच मी सुरू केलं. मरायला टेकलेलं कार्ड आमच्या गळ्यात मारलंस. घरच्यासारखी वागवली त्याचं हे फळ. बरंच बोलले. सगळं इथे लिहवत नाही.

ती एवढंच म्हणाली, "काकू, मी एकदा मागे बघू का?"

"बघायबिघायचं काही नाही. काढ आणि घेऊन जा."

तिनं मशीन बंद केलं, टेबल पुढे ओढलं, कार्ड काढायला मागे वाकली. क्षणभर थांबली. लेकीकडे पाहिलं. लेकीनंही वाकून पाहिलं. मग दोघी गप्प. शिट्टीनं कार्ड काढलं, पिशवीत घातलं आणि गेली.

गप्प बसली म्हणजे चूक कबूल, असं मी धरलं. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून तिच्या आईला फोन केला. "तुमच्या मुलीनं आम्हाला फसवलं."

रविवार, १६ मार्च

शिट्टीची आई पैसे द्यायला आली. पाकीट हातात ठेवलं. "बसा ना," म्हटलं. "नको." चपला काढल्या नाहीत. "माझी मुलगी असं करेल वाटलं नव्हतं," म्हणाली आणि जिना उतरली.

लेक माझ्याशी कामापुरतं बोलते. कार्ड गेलं म्हणून रुसली असेल.

गुरुवार, २० मार्च

कसं लिहू?

दुपारी दुकानात एक आजोबा आले. नव्या चष्म्यातून काही दिसत नाही म्हणून तणतणत होते. काचा सदोष, आम्ही चोर. पाहिलं तर नाकावर जुनाच चष्मा. सगळे हसलो, तेही हसले. मी हसता हसता थांबले.

कार्ड गेलं, तरी आमचा पडदा लागतो. त्या दिवसापासून रोज लागतोय. शिट्टीनं कार्ड काढलं तेव्हा मॉनिटरची वायर काढून वर लावली का? नाही. मी समोर उभी होते. तिनं त्या वायरीला हातही लावला नाही.

म्हणजे ती आधीच वर होती.

मंगळवारी धूळ काढताना मीच लावली. वरच्या जागेत नीट बसली, मी पुसून मोकळी झाले. कार्ड बिचारं रिकामं बसून होतं आणि गेम प्रोसेसरच्या पोटातल्या त्या थोड्याशा सोयीवर रखडत होता. ती सोय नसती तर पडदा काळा राहिला असता आणि तेव्हाच कळलं असतं.

आणि शिट्टी वाकली तेव्हा तिला दिसलं. त्याच क्षणी दिसलं असणार.

शुक्रवार, २१ मार्च

लेकीला सांगितलं. सांगताना हातातला टॉवेल तीन वेळा घडी केला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"ती वाकली तेव्हापासून. मी सांगणार होते. तिच्यामागे गेले, तर तिनं जिन्यात हात धरला माझा. म्हणाली, काकूंनी एवढं पुसून लावलंय, त्यांना फार लागेल."

"आणि तू ऐकलंस?"

लेक नखं बघत म्हणाली, "तू ओरडत असलीस ना आई, की तुला काही सांगायची भीती वाटते. लहानपणापासून."

ताईला निदान ते तोंडावर म्हणता आलं होतं.

शनिवार, २२ मार्च

शिट्टीच्या आईला फोन केला. सगळं सांगितलं. चूक माझी, मुलगी निर्दोष, तिला माहीत असून ती गप्प राहिली. पलीकडे कपबशांचा आवाज येत होता, तो थांबला.

"मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाहीये," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पैसे परत करायला तिनं तिचं नवं कार्ड विकलं. तुमच्याकडून आणलेलं जुनंच पुन्हा लावलंय." आणि फोन ठेवला.

रविवार, २३ मार्च

पाकीट घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले. आतून कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज येत होता. शिट्टी नव्हती वाजत. बेल न दाबता परत आले. पैसे देऊन मोकळं व्हायचं, हे पुन्हा धूळ झटकल्यासारखंच झालं असतं.

घरी येऊन तिला निरोप लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी एवढाच पाठवला – "तू एकदा मागे बघू का विचारलंस आणि मी बघू दिलं नाही. आता येशील? मागे बघायला आता काही नाही. मी असेन, आणि मला तुझ्यासमोर हळू आवाजात बोलायचंय."

नाही म्हणेल. म्हणावंच तिनं.