सदऱ्याची नववी चिंधी

४ मे, सोमवार
आज जेवताना मी आजोबांची मासेमारीची बोट मागितली. हे वाक्य मी अकरा महिने मनात रचत होते. प्रत्यक्षात ते बटाट्याच्या सॅलडकडे पाहून उच्चारले गेले. आजोबांचे हात थरथरतात, मासे मारायचे धनुष्य ओढवत नाही, म्हणून बोट मामेभाऊ क्लोव्हिसकडे जाणार होती. तो म्हणाला, "ओडील, बोटीत पुस्तकं भिजतात गं." आजोबांनी मात्र अट घातली: शनिवारी सूर्य बुडेपर्यंत बाणाने 'गार' जातीचा एक मासा मार, बोट तुझी.
माझा हेतू शुद्ध शास्त्रीय आहे. आजोबा जमिनीवर दिवसाला चार शब्द बोलतात आणि बोटीत अखंड बोलतात, याच्याशी त्याचा काडीमात्र संबंध नाही.

५ मे, मंगळवार
प्रकाशाच्या अपवर्तनावरील प्रकरण ग्रंथालयातून आणून तीनदा वाचले. (मी तिथेच कामाला असल्याने विलंब झाला नाही.) पाण्यातला मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो, सबब नेम खाली धरावा. किती खाली, याचा तक्ता केला. आता उरलेला भाग सोपा आहे.

६ मे, बुधवार
दलदलीत उभ्या सायप्रसच्या झाडांमध्ये, उथळ पाण्यात, पहिला गार दिसला. सुसरीसारखे तोंड, अंगावर चिलखत. तक्ता उघडला. गार गेला.
आजोबा म्हणाले, "तुझी वही उघडेपर्यंत मासा काय थांबणारे?"
नंतरचे तीनही बाण माशांच्या पाठीवरून गेले. आमच्या घरी नेम चुकला की सदऱ्याच्या टोकाची चिंधी कापून, तारीख घालून, शेडच्या भिंतीला ठोकतात. आज तीन. सदरा तसा जुनाच होता.

७ मे, गुरुवार
तक्ता फाडून पाण्यात सोडला. यापुढे अंतःप्रेरणा.
अंतःप्रेरणेच्या भरात बाणाला बांधलेल्या दोरीचे चाक मोकळे करणारे बटण दाबायचे राहिले. बाण हिसका खाऊन बोटीतच परतला. आजोबांची कॉफी सांडली. "मासे समोर आहेत, मुली. मी मागे आहे," असे ते म्हणाले.
चार चिंध्या. दंड भरून आले आहेत. उद्या पहाटेपासून व्यायाम.

८ मे, शुक्रवार
व्यायाम झाला नाही.
एकच बाण, एकच चिंधी. म्हणजे प्रगती आहे. क्लोव्हिसने विचारले, हा सदरा आहे की पोलकं?

९ मे, शनिवार
ऊन कलले तेव्हा मोठा गार बोटीला खेटून वर आला. माझ्याने धनुष्य अर्धेही ओढवेना. आजोबा वैतागले. "आण इकडे. बघ कसं मारतात ते."
त्यांनी ते ओढले. पूर्ण ओढले. मग हात थरथरू लागले आणि बाण सुटला; माशाच्या पाठीवरून, माझ्यासारखाच.
आजोबांनी दोरी ओढून बाण बोटीत घेतला. मग त्यांनी स्वतःच्या सदऱ्याचे टोक ताणून धरले. "काप."
मी म्हटले, राहू द्या, आजोबा.
"सगळ्यांचा कापतो ना? काप."
कात्री बोथट असावी. चिंधी वेडीवाकडी निघाली. वर पाहिले तेव्हा सूर्य बुडाला होता.

१० मे, रविवार
बोट क्लोव्हिसची झाली. त्याने पहिल्याच बाणात गार मारला आणि फार काही बोलला नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. मागच्या फळीवर त्याने आम्हा दोघांना जागा दिली.
आजोबा जाता-येता बोलत होते. काल ऊन डोळ्यांवर होते. गार वळला. धनुष्याला नवी दोरी हवी होती. मला सगळे पटले.
मग त्यांनी हळूच विचारले, "तुझ्या त्या तक्त्यात किती खाली लिहिलं होतं गं?"
आठवत नव्हते. "चार बोटं," मी ठोकून दिले.
"बघ!" आजोबा म्हणाले. "मी तीन धरली होती."