कोट मशीनवर ठेवलाय

सूनबाई,

डोळे तपासायला जातेय, किल्ली शेजारी ठेवलीय.

ती कोटवाली येऊन गेली. तू कोट घट्ट शिवलास म्हणून जिने नेटवर बोंब मारली, तीच. तिला चार शब्द सुनावायचेच म्हणून मी दार उघडलं, तर तीच रडायला लागली. म्हणाली, "नवरा सोडून गेलाय, मुलाखतीपर्यंत बारीक होईन, कंबर दोन इंच कमीच ठेवा, असं मीच तुमच्या सुनेला मेसेजमध्ये लिहिलं होतं." तो मेसेज तू चव्हाट्यावर आणशील या धास्तीने बाईला झोप नव्हती. चहा पाजून, कोट ठेवून घेऊनच पाठवली.

तुझ्या नणंदेसकट आम्ही सगळे तुझ्या मागे लागलो होतो, की पुरावा आहे ना, मग टाक आणि तोंड बंद कर तिचं. तू म्हणालीस, "तिने मला लिहिलंय, गावाला नाही. कोर्टाने मागितलं तर दाखवीन." आणि मेसेज आम्हालाही दाखवला नाहीस. मी तुला बावळट म्हटलं होतं. तो शब्द परत घेते, पण चारचौघांत विचारलंस तर नाही म्हणेन.

कोट सैल करायला कापड कुठून आणणार, म्हणून अस्तर उचलून पाहिलं. शिवणीत दोन इंच तू आधीच सोडून ठेवलेत.

– सासू