सलामाचं उत्तर

आई, तुला मस्तूराचा सलाम. तुझी दुवा पाठीशी आहे, म्हणून सगळं ठीक.

हेगला सुखरूप पोचले. थंडी आहे, पण कोर्टाच्या लोकांनी जाड कोट दिलाय. पोटभर जेवते, आपला गरम पिठाचा असीदा मात्र मिळत नाही, गार पावच खावा लागतो. तुझा खोकला कसा आहे? तंबूची ताडपत्री बदलून मिळाली का? हे पत्र आपल्या दरियाकडूनच वाचून घे, शेजारणींसमोर नको.

काल माझी साक्ष झाली. घाबरले नाही, फक्त दोनदा पाणी मागितलं. पण आत शिरताना चूक केली. कुणाच्या घरी गेल्यासारखं सवयीनं म्हणाले, “अस्सलामु अलैकुम.” उत्तर एकट्या आरोपीनं दिलं, “व अलैकुम अस्सलाम.”

जीभ हासडून टाकावीशी वाटली. आपल्या अबकरदादाला दारातून ओढून नेणाऱ्याला मी सलाम केला! आमच्या वकीलबाई म्हणाल्या, “अहो, सवयच ती. मनाला लावून घेऊ नका.”

आपलं जेनीना शहर सोडून तंबूत आल्यापासून तुझा एकच धोशा: “तो बाहेरून सलाम म्हणाला, आणि मी मेलीनं कडी काढली.” आता पुरे. मी न्यायाधीशांना सांगितलं, आमच्यात सलाम आला की उत्तर द्यायचं आणि दार उघडायचं. हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तो आधी सलाम म्हणाला.

त्यांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलंय. त्याच्या नावापुढे, आई. तुझ्या नव्हे.

तुझीच,
मस्तूरा