अंगठ्याचा कौल

प्रिय ठकू,

तुझा मेसेज मिळाला. आई, पुरे झालं, दोन वर्षं खूप झाली, माझं कोणी ऐकत नाही, एक तारखेपासून दवाखान्यात येते, दुसरी खुर्ची पुसून ठेव. इतकंच. खाली ना हसरा चेहरा, ना रडका. दातांची डॉक्टर होऊन, पदवी भिंतीला टांगून, गाणी करायला म्हणून दुसऱ्या शहरात गेलेली लेक परत येणार म्हटल्यावर आईने खरं तर नाचायला हवं. तुझे बाबा नाचलेच म्हण ना! त्यांनी तुझ्या खोलीचे पडदे धुतले, इस्त्री केली आणि परत लावलेसुद्धा. उलटे लावलेत, पण लावलेत. मी मात्र तुला अजून उत्तर दिलं नाही. कारण जे सांगायचंय ते फोनवर सांगायची सोय नाही, फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? कागदाला मध्येच तोडता येत नाही. म्हणून तर दर महिन्याचं नव्या गाण्यांचं पत्र मी हट्टाने कागदावर लिहिते. तेव्हा खुर्चीचं शेवटी बोलू. आधी या महिन्याची गाणी. अगं, काय महिना होता! मला तर कुठून सुरुवात करू असं झालंय.

पद्धत आपली तीच. परवा एका नव्या पेशंटने विचारलं, डॉक्टर, दात काढायला बूट-मोजे कशाला काढायचे? मी म्हटलं, स्वच्छता. खरं कारण तुला, मला आणि आपल्या मदतनीस मावशींनाच ठाऊक. तोंडात माझे दोन्ही हात असताना माणूस गाण्याबद्दल खोटं बोलू शकत नाही. खरंही बोलू शकत नाही म्हणा. बोलतो तो फक्त पायाचा अंगठा. ड्रिल चालू आहे, डोळे घट्ट मिटलेत, हातांनी खुर्ची आवळून धरली आहे, आणि तरीही अंगठा ठेक्यात हलला, तर गाणं पास. अंगठा वाकडा झाला तर नापास. तिथे वशिला नाही, की गायक कोणाचा कोण आहे याची चौकशी नाही. लोक म्हणतात दात कोरून पोट भरत नाही. आपलं तर घरच त्यावर उभं राहिलं, आणि वर गाण्यांची परीक्षाही फुकटात होते.

तर पहिलं नाव लिहून घे. ‘तीन पायांची शर्यत’ नावाची चौघांची टोळी आहे, तिघं ट्रम्पेटवाले आणि एक ढोलवाली. त्यांचं ‘उद्या नको, आत्ता’ या महिन्याच्या सुरुवातीला आलं. सुरू होतं तेच मुळी भांडण झाल्यासारखं, तिन्ही ट्रम्पेट एकमेकांच्या अंगावर धावून जातात. मला वाटलं, गेलं हे कामातून. मग ती ढोलवाली अशी काही थाप मारते की तिघंही शहाण्यासारखे एका रांगेत येतात. रूट कॅनालच्या मधोमध हे लावलं होतं, पेशंट कोण, तर आपल्या गल्लीच्या टोकाचे बँक मॅनेजर, ज्यांना इंजेक्शन नुसतं दाखवलं तरी घाम फुटतो. त्यांचे दोन्ही अंगठे हलत होते गं! उठल्यावर तोंड बधिर असताना त्यांनी गाण्याचं नाव विचारलं, ते मला कळलं नाही, मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला. सकाळी उठवत नाही म्हणतेस ना, तेव्हा हे लाव. झोपून राहून दाखव मग.

दुसरी एक आजीबाई. वय बहात्तर आणि पहिला अल्बम! आयुष्यभर म्हणे शाळेत भूगोल शिकवला. नुसता आवाज आणि मागे एकच मोठं, जाड तारांचं व्हायोलिन, तेही मोजकं बोलणारं. अल्बमचं नाव ‘उरलेली दुपार’. आवाजाला वय लागलंय, वरचा सूर गाठताना थोडी धाप लागते, पण ती धाप लपवत नाही ही बाई. तिसरं गाणं तर मी जिन्यावर बसून ऐकलं, खाली पेशंट वाट बघत होता तरी. एक इशारा मात्र देऊन ठेवते, हे दवाखान्यात चालत नाही. अंगठा हलायचा राहिला बाजूला, माणूसच झोपतो. शिंपीणबाई तोंड उघडं ठेवून झोपल्या आणि झोपेत त्यांनी तोंड मिटलं, माझं बोट आत असताना! अजून काळंनिळं आहे. तरीही ऐकच. लांबच्या प्रवासात, खिडकीशी बसून ऐक.

ज्याची सगळीकडे हवा आहे ते काचेच्या महालात चित्रित केलेलं गाणं मात्र ऐकू नकोस. नाव लिहीत नाही, तुझ्या कानावर आदळलं असेलच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पाच पेशंटांवर लावून पाहिलं आणि पाचही अंगठे लिंबू चोखल्यासारखे वाकडे. मावशी म्हणाल्या, डॉक्टर, याच्यापेक्षा ड्रिलचा आवाज बरा.

आता बस नीट. आता ते सांगते, ज्याच्यासाठी मला धीर धरवत नव्हता.

महिन्याच्या मध्यावर नवीन गाण्यांच्या यादीत अगदी तळाला एक सापडलं. करणाऱ्याचं नाव नुसतं ‘तळमजला’. ना फोटो, ना माहिती. गाण्याचं नाव ‘श्वास सोडा’. मी दिवसभर पेशंटना तेच सांगत असते, म्हणून गंमत वाटून लावलं. त्याला शब्द नाहीत. खाली एक जाड, दमदार ठेका आहे, म्हातारं जनावर जिना चढतंय असा. त्यावर माउथ ऑर्गन येतो, आधी दबकत, मग एकदम खिडक्या उघडल्यासारखा. आणि प्रत्येक चौथ्या ठोक्याला ठेका पडतच नाही! तिथे नुसता एक निःश्वास, सुऽऽ असा. आपण ठोक्याची वाट बघत राहतो आणि मिळतो श्वास. ठकू, मी ते लागोपाठ किती वेळा ऐकलं हे सांगायची मला लाज वाटते.

दवाखान्यात लावलं आणि धमालच उडाली. पोस्टमनचा अंगठा हलला. नर्सरीच्या बाईंचा तर पूर्ण पाय हलला, मला सांगावं लागलं की जरा दमानं. आणि न्यायाधीशसाहेब! तुला आठवतात ना, निवृत्त झाले तरी खुर्चीवर असे झोपतात की जणू आपल्यालाच शिक्षा सुनावणार आहेत? इतक्या वर्षांत त्यांचा अंगठा कशालाच हलला नव्हता, आपण दोघींनी तर त्यांचा नादच सोडला होता. तो हलला. आधी डावा, मग उजवा. मावशींच्या हातातला आरसा पडता पडता वाचला.

पण त्याच आठवड्यात एक भलतंच लचांड मागे लागलं. जिन्याखालच्या कपाटातला कॉम्प्रेसर सुऽऽ सुऽऽ करायला लागला. ज्या हवेच्या पंपावर माझं ड्रिल चालतं, तोच बिघडला तर मी करायचं काय? जुना खटारा तू गेल्यावर भंगारात दिला आणि हा नवा, अजिबात आवाज न करणारा घेतला, त्याचंही तेच रडगाणं? मेकॅनिकला बोलावलं. त्याने कपाटात डोकं घालून सगळं तपासलं आणि म्हणाला, बाई, ठणठणीत आहे. तो गेला की तासाभरात परत सुऽऽ. परत बोलावलं. या वेळी तो म्हणाला, डॉक्टर, तुम्ही एकदा कान तपासून घ्या. मी चांगलंच फैलावर घेतलं त्याला. बिचारा सगळे नट पुन्हा आवळून गेला. पुढे दोन दिवसांनी, एका वेगळ्याच कारणाने, मी दवाखान्यात ‘श्वास सोडा’ लावणं बंद केलं. ते कारण शेवटी सांगते. आणि काय आश्चर्य, कॉम्प्रेसरही गप्प! मी मेकॅनिकला फोन करून त्याचे आभारसुद्धा मानले.

त्याच संध्याकाळी वर स्वयंपाकघरात बटाटे चिरताना मी ते गाणं लावलं. तुझे बाबा शब्दकोडं सोडवत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, तुझा कॉम्प्रेसर आता वरच्या मजल्यावर राहायला आला का? आणि तोही जुना?

माझा हात थांबला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! नवा कॉम्प्रेसर आवाज करतच नव्हता. ढुप्, ढुप्, ढुप् आणि चौथ्याला झडप गळून सुऽऽ, हे आपल्या जुन्या खटाऱ्याचं दुखणं. जगात दुसऱ्या कुठल्याही यंत्राला ते नव्हतं. त्याच्या बरोब्बर वरच्या खोलीत तू लहानाची मोठी झालीस. जिन्याखाली जनावर आहे आणि ते दमलंय, असं तूच मला सांगायचीस. आणि घर सोडायच्या आदल्या दिवशी तू त्या कपाटात डोकं घालून बसली होतीस, मी विचारलं तर कानातलं पडलंय म्हणालीस! कानातलं! आणि आपला दवाखाना कुठल्या मजल्यावर आहे हेही माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. मी ओरडले, अहो, ही आपली ठकू आहे! बाबांनी गाणं पहिल्यापासून परत लावायला सांगितलं. मग अजून एकदा. मग चष्मा पुसायला म्हणून बाल्कनीत गेले ते बराच वेळ आले नाहीत. मी तर सरळ रडले, बटाट्यांसमोर, कांद्याचं निमित्तही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा मेसेज आला. कोणी ऐकत नाही, म्हणे! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आता खुर्चीचं. खरं सांगू? तू यावंस असं मला फार वाटतं. माझी कंबर आता संध्याकाळी बोलायला लागते, अक्कलदाढा उपटताना दम लागतो. तू शेजारच्या खुर्चीवर काम करते आहेस, मधूनच आपण एकमेकींकडे बघून हसतोय, हे चित्र मी किती वेळा मनात रंगवलंय. तुला दातांचं काम करावंसं वाटत असेल, तर उद्याच ये, मी स्टेशनवर घ्यायला येते. पण तू हरले म्हणून येत असशील, तर ती खुर्ची तुझ्यासाठी नाही. हे लिहिताना माझ्या जिवावर येतंय, बाबा तर दोन दिवस माझ्याशी बोलणार नाहीत. तरी लिहिते आहे.

तू म्हणशील, आई, तुझं काय, मी पातेलं आपटलं तरी तू वाहवा करशील. करीन, शंभरदा करीन. म्हणूनच तुला आईचा अभिप्राय कळवत नाही. ते गाणं दवाखान्यात का बंद केलं, तेवढं सांगते, आणि लक्षात ठेव, हे त्या बटाट्यांच्या संध्याकाळच्या आधीचं आहे, ‘तळमजला’ म्हणजे कोण हे मला ठाऊक नव्हतं तेव्हाचं. मी बेकरीवाल्याचे दात पॉलिश करत होते. मागे ‘श्वास सोडा’ चालू होतं. एकाएकी बेकरीवाल्याने डोळे उघडले. मावशी माझ्याकडे टकामका बघायला लागल्या. मला कळेना काय झालं. मग माझ्याच हातातलं यंत्र मला ऐकू आलं. झूं, झूं, झूं आणि चौथ्याला गप्प. झूं, झूं, झूं आणि गप्प. एवढी वर्षं लोकांचे अंगठे तपासले मी, पण माझा स्वतःचा पाय यंत्र चालू-बंद करणाऱ्या पेडलवरून कधी रेसभर हलला नाही, हलून चालणारच नाही. तो ठेका धरत होता, ठकू. मला न विचारता. तेव्हा तुझं गाणं माझ्या दवाखान्यात लावायला बंदी आहे, ती कायमची. आणि पुढचं गाणं लवकर कर. न्यायाधीशसाहेबांचे सगळे दात शाबूत आहेत, तरी त्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ मागून घेतली आहे.

तुझीच,
पाय ताब्यात नसलेली
आई