आबा, कुसळाचं बी जपलंय

प्रिय आबा,

चौथीतनं पळालेल्या पोराचं पत्र म्हणून हसू नका. आज रागानं डोकं भणाणलंय. इथं परमुलखात सांगू कुणाला?

अंबाल्यात पलटणीच्या घोड्यांसाठी गवताची रानं राखलीत, तिथं मी कापणीला हाय. आज पाहणीचा साहेब आला. दोरीचा चौकोन टाकला, आतलं गवत जातवार निवडलं. मारवेल इकडं, पवन्या तिकडं, कुसळी निराळी. ज्याचा भरणा जास्त, त्यावरनं रानाचा प्रकार ठरतो म्हणे. मी इचारलं, "साहेब, उन्हाळ्यात का न्हाई आलात?"

तो हसला. "अरे, तुरा आल्याशिवाय गवत ओळखायचं कसं? उन्हाळ्यात सगळी रानं भिकारीच दिसतात."

आबा, माझा विळा तिथंच गळाला!

मग आपल्या वडूजच्या माळावर तिथल्या पाहणीच्या साहेबाला वैशाखात कुणी बोलावलं?

तुमी गावकुरणाचे राखणदार. दसऱ्याआधी पातं तोडू दिलं न्हाई, पाटलाच्या बैलालासुदिक न्हाई. तोच पाटील गोड बोलत दारात आला. "आबा, साहेबाच्या पायात कुसळं घुसली तर गावाची अब्रू जाईल. कापून लख्ख कर." आणि पाहुण्यासाठी अंगण झाडावं तसं तुमी सारं कुरण बोडकं केलंत! कसं वो एवढं भोळं मन तुमचं?

साहेबानं इचारलं, "इथं काही उगवतं का?"

"धूळ उगवते, साहेब," पाटील म्हणाला. सगळे हसले.

तुमी हात जोडलेत. "आवं, श्रावणानंतर या की. गवतात शिरलेली शेळी घावायची न्हाई." कोण ऐकतंय! प्रकार ठरला, पडीक माळ. लढाईपायी धान्य पिकवायचं म्हणून त्याच उन्हाळ्यात तो पाटलाला मिळाला.

नांगरापुढं तुमी उन्हात बसून राहिलात, तिथंच ताप डोक्यात चढला नि तुमी गेलात, हे सारं चुलत्यानं मागनं कळवलं. मला का न्हाई बोलावलंत? मी बैल सोडून पाटलालाच जुंपला असता!

लय जळतं ते एकाच गोष्टीनं. गावात कुणाच्या पायात कुसळ गेलं की तो तुमच्याकडं यायचा. बाभळीचा काटा घेऊन तुमी ते अलगद काढायचा. पाटलाचा पायसुदिक मांडीवर घेतलात तुमी. तोच पाय तुमच्या कुरणावर नाचला.

आज कापणीत कुसळाचं बी बाजूला काढलंय, पलटणीच्या जुन्या मोज्यात बांधून. मृगाआधी रजा घेतो. शेतात टाकणार न्हाई, मुक्या जनावराच्या तोंडात जाईल, त्याचा काय दोष? पाटलाच्या पायवाटेवर टाकीन, दोन्ही अंगांनी, दाट. दसऱ्याला तो शेत पुजायला अनवाणी निघतो ना? निघू दे.

त्याला सगळ्या गावासमोर सांगीन, "बघा पाटील, धूळ उगवली." मग बांधावर बसून राहीन. तो पाय धरून कितीबी ओरडू दे आबा, शपथ तुमची, कुसळ काढायला मी वाकायचा न्हाई.

तुमचा,
सोपाना