दीड ओळीत न मावणारा टेम्पो

तीर्थस्वरूप काकांना मधल्या पुतण्याचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (हो, तोच मधला. पत्र लगेच फाडू नये, मागच्या बाजूलाही मजकूर आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झाल्याचं आईकडून कळलं. आता त्यांना सगळं लख्ख दिसतं म्हणे, तेव्हा तुम्हाला जरा जपून राहावं लागत असेल. इकडे आम्ही मजेत आहोत. मुलगी चालायला लागल्यापासून घरातली एकही वस्तू जागेवर नाही, आणि मी नोकरी शोधतोय.

अर्ज भरताना नाव, वय, शिक्षण इथपर्यंत माझा हात झरझर चालतो. मग तो रकाना येतो: 'पूर्वी कधी शिक्षा झाली आहे काय? असल्यास तपशील द्यावा.' तपशिलाला जागा दीड ओळ. आता चौदा वर्षांपूर्वी मित्रांपुढे भाव खायला मी तुमचा नवा टेम्पो न विचारता नेला, तळ्यात घातला, वर दोन दाढीवाल्या चोरांनी पळवला अशी पोलिसांत खोटी तक्रार दिली (एकाच्या शर्टाची बटणंसुद्धा सांगितली होती) आणि तीन महिने आत बसलो, हे दीड ओळीत कोण बसवणार? पहिल्या ठिकाणी मी चार पुरवण्या जोडल्या. तिथल्या कारकुनाने त्या मोठ्याने वाचल्या, सगळं ऑफिस जमलं, मला चहा पाजला आणि बटणांचा भाग पुन्हा वाचून घेतला. नोकरी दिली नाही.

बायको म्हणाली, एवढं पाल्हाळ कशाला, मुद्द्याचं लिही. म्हणून दुसऱ्या ठिकाणी लिहिलं: 'होय. टेम्पो.' मी आवारातून बाहेर पडेपर्यंत तिथला वॉचमन उभ्या गाड्या मोजत होता.

तिसऱ्या ठिकाणी ठरवलं, कागदाची भानगडच नको, साहेबांना तोंडीच सांगू. केबिनमध्ये शिरलो, खुर्चीतल्या गृहस्थांपुढे बसायच्या आत तळ्यापासून जेलपर्यंत सगळं ओकून टाकलं. गृहस्थ डोळे मिटून शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मी पंखा दुरुस्तीवाला. इथे वारा लागतो का बघत होतो. पण तुम्ही बोला." खरे साहेब माझ्या मागे दारात उभे होते, आणि जागा भरली असल्याचं त्यांना नेमकं तेव्हाच आठवलं.

आता चांगली बातमी. दवाखान्यांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री आहे. मालकीणबाईंना सगळे इस्त्रीबाई म्हणतात, कारण त्यांच्यासमोर माणूस आपोआप सरळ होतो. काम आहे व्हॅन चालवायचं. (ठसका लागला असल्यास पाणी प्यावं.) बाईंनी चारही पुरवण्या न हसता वाचल्या आणि मला आवारात व्हॅन चालवायला लावली. मी ती इतकी सांभाळून चालवली की एक मांजर ओव्हरटेक करून गेलं. बाई म्हणाल्या, हात चांगला आहे. घरी येऊन मी मुलीला खांद्यावर घेऊन नाचलो. फक्त एक किरकोळ कागद द्यायचा राहिलाय.

काकूंना नमस्कार. आपला आज्ञाधारक (टेम्पोचा अपवाद वगळून),
मधला

ता. क. किरकोळ कागद असा: बाईंनी विचारलं, "ज्यांची गाडी बुडवलीत, त्यांचं आज तुमच्याबद्दल काय मत आहे?" ते त्यांना शुक्रवारपर्यंत तुमच्या अक्षरात हवंय, दोन ओळी. त्याशिवाय नोकरी नाही. जे खरं असेल तेच लिहा.

ता. क. दुसरा. घडलं त्याबद्दल वाईट वाटतं, असं मी दोन ठिकाणी पुरवण्यांत आणि एका पंखेवाल्याला सांगून आलो. तुम्हाला कधी सांगितलंच नाही. काका, माझं चुकलं. मला फार वाईट वाटतं.

ता. क. तिसरा. पोस्टाने उशीर होईल म्हणून पत्र घेऊन मीच आलोय आणि हे तुमच्या पायरीवर बसून लिहितोय. मला पाहून तुम्ही गाडीची किल्ली खिशात टाकलीत, ते खिडकीतून दिसलं. ती खिशातच राहू द्या, पण वाचून झालं की दार उघडा.